माझ्या मागे कोण उभं होतं

ऱ्हस्व-दीर्घाचं मला पहिल्यापासून जमलं नाही, आणि अक्षर तर असं की मी लिहिलेली किराण्याची चिठ्ठी दुकानदार दोनदा वाचून परत मलाच विचारतो. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती, तेवढी मी शिकले. पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावाला, तिथं मुलीला कोण पाठवणार. तेव्हा ही पानं कुणाच्या हाती लागलीच तर चुकांसाठी रागावू नये. लागू नयेत म्हणून मी ती गव्हाच्या कोठीमागं ठेवते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की या वयातही मी पदराचं टोक चाळत बसते. कागदाचं बरं असतं, तो तोंडाकडं बघत नाही.

लिहायला बसले त्याला कारण नातीचा फोन. काल तिनं अंगणात माझा फोटो काढला, मग काचेवर बोट फिरवलं आणि माझ्या मागची दोरीवरची धुणी, पाण्याची टाकी, शेजारणीची गाडी सगळं धुरासारखं होऊन गेलं. "बघ आजी, मागचं कसं मस्त उडवलं," म्हणाली. मी बघितलं आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला. इतकी वर्षं झाली तरी मला ते बघवलं नाही. तिला वाटलं मला फोटो आवडला नाही, म्हणून तिनं दुसरा काढला.

आमचं गाव अंबडच्या रस्त्यापासून थोडं आत. घर पत्र्याचं, पुढं ओसरी, ओसरीसमोर बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि त्याच्या पलीकडं पिठाची गिरणी. गिरणीचं पुक पुक सकाळपासून चालायचं, लाइट गेली की बंद व्हायचं, आणि ते बंद झालं की आम्हाला कानात काही तरी कमी झाल्यासारखं वाटायचं. वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा कमी बोलायचे. माय त्याहून कमी, पण तिच्या हाताचा आवाज दिवसभर असायचा, भाकर थापल्याचा, सुपात पाखडल्याचा, दोरखंड आपटल्याचा. घरात काही भाजी नसली की ती येसरची आमटी करायची. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ मडक्यात भरून ठेवलेलं असे, कढत पाण्यात कालवलं आणि लसणाची फोडणी दिली की झालं. त्याचा वास गिरणीपर्यंत जायचा, आणि गिरणीवाला तिथूनच ओरडायचा, "वहिनी, आज माझ्यासाठी बी टाका दोन भाकरी." मायनं कधी उत्तर दिलं नाही, पण भाकरी मात्र जायच्या.

माझा थोरला भाऊ दिगंबर, त्याला मी दादा म्हणायची. शेतात त्याचं मन लागलं नाही. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला एक फोटोचं दुकान होतं, तिथं तो कामाला लागला. आधी झाडलोट, मग फोटो धुणं, मग हळूहळू शेठनं कॅमेरा हातात दिला. सुट्टीला गावी आला की त्याच्या बोटांना औषधाचा आंबूस वास यायचा, आणि जेवताना माय म्हणायची, "हात धुतले का तू बराबर?" तो म्हणायचा, "धुतले माय, वास जात न्हाई."

एकदा तो शेठचा जुना कॅमेरा घेऊन आला. ज्वारीची सुगी होती, खळ्यावर उपणणी, म्हणजे सुपातलं धान्य वाऱ्यावर सोडून भूस उडवणं, चालू होती. दिवस मावळतीला लागला होता आणि वारा सुटला होता, म्हणून मायनं घाई धरली होती. आमच्याकडं शेतातल्या कामाला बाया लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. ज्वारीची कूस अंगाला लागली की रात्रभर खाज सुटते, म्हणून. मायच्या अंगावर अण्णांचा पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट होता आणि डोक्याला पांढरा टॉवेल गच्च बांधलेला. मी भाकरी घेऊन गेले होते, तर दादानं मला तिथंच उभं केलं.

"हे बघ सुमे, ह्या कड्यावर आकडे हायेत. दोनपासून सोळापर्यंत. दोनवर ठेवलं की आतलं भोक मोठं. सोळावर ठेवलं की एकदम बारीक. मला हे उलटं उलटं वाटायचं, लई दिवस कळलं न्हाई."

"सुयांसारखं हाय," मी म्हणाले. वाकळ शिवायची सुई माझ्या रोजच्या हातातली. नंबर जेवढा मोठा, सुई तेवढी बारीक.

दादा हसला. "हां, तसंच. आता भोक मोठं ठेवलं की जवळचं माणूस साफ येतं अन् मागचं सगळं इरघळून जातं. भोक बारीक केलं की लांबचं बी साफ येतं. पण उजेड कमी जातो आत, म्हणून जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, अन् तवर हलायचं न्हाई. शेठनं सांगितलंय, एकच फोटो दोन्ही तऱ्हेनं काढून आण. ये, इकडं सरक."

मी मधोमध उभी राहायला गेले तर त्यानं हातानं मला बाजूला व्हायला सांगितलं. "मधी न्हाई. मधी उभं केलं की फॉर्मावर चिकटवायचा फोटो होतो. एका अंगाला उभी राहा अन् तोंड मोकळ्या जागेकडं कर. बघणाऱ्याला बी फिरायला जागा पाहिजे." मग त्यानं पहिला फोटो काढला, पटकन. दुसऱ्या वेळेला कॅमेरा पोत्यांच्या थप्पीवर टेकवला आणि मागं उपणत असलेल्या मायला हाक मारली, "माय, जरा थांब, हलू नको." माय सूप तसंच हातात धरून थांबली आणि म्हणाली, "वारा थांबणार हाय का तुझ्या फोटोसाठी?" तो दुसरा फोटो. मी ते विसरूनही गेले.

त्याच उन्हाळ्यात माझं ठरलं. स्थळ अंबडचं. मुलाचे वडील कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, मुलगा नवीन जालन्यात मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकानावर हिशेब लिहायचा. मला बघायला आले तेव्हा मी पाट आणि माझी पायाची बोटं एवढंच बघितलं. मुलाचा शर्ट निळा होता हे कळलं, तोंड कळलं नाही. मला वाटायचं लांबून कुणाचंच तोंड कुणाला कळत नसतं, आवाजावरून आणि चालण्यावरून ओळखायचं असतं. सुपारी फुटली, पुरणपोळीचं जेवण झालं, आणि ठरलेल्या पैशातले निम्मे अण्णांनी त्याच दिवशी त्यांच्या हाती दिले. अण्णांनी त्यासाठी एक बैलजोडी विकली होती. मुलानं त्यातून जुनी मोटारसायकल घेतली, असं मागाहून कळलं. मायला स्थळ पसंत होतं, कारण मुलीला उन्हात राबावं लागणार नव्हतं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी पाटाकडंच बघितलं असतं.

मग बस्त्याचा दिवस आला. दोन्हीकडच्या माणसांनी मिळून लग्नाचे कपडे घ्यायचे, त्याला बस्ता म्हणतात. मायनं पहाटे धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली, सगळं फडक्यात बांधलं. मुलाकडून मुलगा आणि त्याचे आईवडील, आमच्याकडून अण्णा, माय आणि मी. स्टेशनच्या रस्त्यानं कापड दुकानाकडं निघालो. पुढं मुलाचे वडील, मागं आम्ही बायका पदर सावरत. मुलाची आई मायला म्हणत होती, "मला काठ मोठा लागतो बरं, बारीक काठ मला दिसतच न्हाई." माय हसली होती. मला आठवतं, कारण त्या दिवशी ती त्यानंतर हसली नाही.

पुढचे लोक एकदम थांबले. मला वाटलं दुकान आलं. मी जवळ गेले तर एक काच होती, आणि काचेत मी होते. भिंतीवरच्या आरशाहून मोठी. माझं तोंड, माझ्या कानातली कुडी, कपाळावर आलेली एक बट, डोळे किंचित बारीक केलेले. रस्त्यावरून सायकली जात होत्या, हमाल जात होते, आणि मी सगळ्यांकडं बघत उभी होते. मी आजवर कधी मान वर करून रस्त्यानं चालले नव्हते. अंगावरचं लुगडं कुणी भर बाजारात ओढावं तसं मला झालं. मी पदर तोंडावर घेतला, पण काचेतलीनं घेतला नाही.

तेवढ्यात दादा दुकानातून बाहेर आला. तो कामाला होता ते फोटोचं दुकान हेच. हात ओले होते, तोंडभर हसू होतं. त्याला वाटलं आम्ही बघायला म्हणूनच आलो. "दिसला का, अण्णा? शेठला लई आवडला. एवढा मोठा केला अन् लावून टाकला, मला बी न विचारता. लोक थांबून बघून राह्यलेत."

मुलाचे वडील म्हणाले, "ही तुमची बहीण, म्हंजी आमची होणारी सून. ते दिसून राह्यलं. तिच्या मागं कोण हाय?"

तेव्हा मी काचेत मागं बघितलं. माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेत, थोडं मागं, एक पांढरा आकार होता. तोंड नव्हतं, धूर झालेला. पांढरा शर्ट आणि डोक्याला पांढरं बांधलेलं. त्याचा हात लांब होऊन माझ्या खांद्यापर्यंत आलेला, आणि पंजा तेवढा माझ्या डोक्याआड गेलेला. सूप तिथं होतं, माझ्या डोक्यामागं. ते दिसत नव्हतं.

"माय हाय ती," दादा म्हणाला.

मुलाच्या वडलांनी चष्मा पुसून परत लावला. "माय शर्ट घालती का तुमची?"

"खळ्यावर घालती," अण्णा म्हणाले. "कूस लागती अंगाला."

"अन् टॉवेल बी बांधती. अन् हात बी ठिवती पोरीच्या खांद्यावर. पाव्हणं, मी जिंदगीभर कोर्टाच्या दारात बसलो. माणूस खोटं बोलतो, फोटो खोटं बोलत न्हाई." मग त्यांनी काचेवर बोट ठेवलं, मोकळ्या जागेवर. "नीट बघा. पोरीला मधी उभं केलंच न्हाई. निम्मा फोटो तिचा अन् निम्मा ह्याचा. जागा सोडली ती कुणासाठी सोडली?"

दादानं तोंड उघडलं. बघणाऱ्याच्या नजरेला फिरायला जागा लागते ते त्याला सांगायचं होतं, पण त्याला कुणी बोलू दिलं नाही. तेव्हा निळ्या शर्टाचा मुलगा, जो इतका वेळ मागं होता, खाली बघत म्हणाला, "मी पहिले दोस्तांना आणून दाखवला होता हा फोटो. माझी होणारी म्हणून. तर ते म्हणले, तिचा नवरा तर आधीच मागं उभा हाय. आता मोंढ्यात रोज तेच चाललंय."

माय तिथंच उभी होती, दोन हातांवर. ज्या बाईवरून हे चाललं होतं ती बाई धपाट्यांचं गाठोडं धरून उभी होती, आणि तिच्याकडं कुणी बघितलं नाही. तिनं पदर दाताखाली धरला होता. मुलाची आईही काचेकडं बघत होती, फार वेळ. तिनं नवऱ्याच्या जवळ जाऊन काही तरी म्हटलं, त्यांनी मान झटकली. मग ते अण्णांना म्हणाले, "बस्ता राहू द्या आज," आणि तिघं स्टँडच्या दिशेनं निघून गेले.

आम्ही परत आलो तेव्हा गिरणी चालू होती. धपाटे तसेच होते. मायनं ते फडकं सोडलं, बघितलं आणि परत बांधलं. मी काही चूक केली नव्हती, दादानंही केली नव्हती, पण घरात कुणी तरी मेल्यासारखं झालं होतं आणि मेलं कोण ते कळत नव्हतं. दोन दिवसांनी मध्यस्थ सांगून गेला की तिकडचे लोक मागं सरले आहेत. पैशाचं तो काही बोलला नाही. त्या आठवड्यात दादा घरी आला आणि अण्णांनी त्याच्या थोबाडीत मारली. अण्णांनी आमच्यावर कधी हात उचलला नव्हता. मारून ते स्वतःच खाली बसले. दादा उभ्या उभ्या म्हणाला, "काचेतून काढला मी तो. शेठशी भांडलो," आणि पाणीही न पिता निघून गेला. पाणवठ्यावर बाया माझ्याकडं बघून गप्प व्हायच्या. एक जण तर सरळ म्हणाली, "सुमे, तो पांढऱ्या शर्टाचा कोण गं?" मी घागर न भरताच परत आले. मला सगळ्यात जास्त धक्का याचा बसला की या बाया स्वतः शर्ट घालून खुरपायला जात होत्या. सकाळी अंगात शर्ट आणि संध्याकाळी हा प्रश्न.

दादा बरेच दिवस आला नाही. आला तो भर दुपारी, काखेत काळ्या कागदात गुंडाळलेलं काही तरी घेऊन. "दुसरा फोटो हाय," म्हणाला. "सोळावर काढलेला. शेठनं त्याची फिल्म धुऊन नुसती ठिवली होती, कागदावर फोटो काढलाच न्हवता. लग्नसराईत हात लावू देईनात. आज जेवायला गेले तवर मी काढला."

मी तो हातात घेतला. तीच जागा, तीच मी, तीच मोकळी जागा. पण मोकळ्या जागेत आता माय होती. अण्णांचा शर्ट, बाहीच्या खाली बांगड्या, कपाळावर आडवं कुंकू, आणि फोटोसाठी थांबवलं म्हणून तोंडावर राग. सुपाची कड माझ्या डोक्यामागून थोडी बाहेर आलेली. तिच्या मागं बैलगाडी, गाडीच्या चाकाचे आरे, आणि त्याच्या मागं बांधावरचा लिंब, आणि लिंबाला पानं. एक एक पान. मी त्या पानांकडंच बघत राहिले.

"ही पानं शेठनं पेन्सिलनं काढली का?" मी विचारलं. शेठ फोटोवर पेन्सिल फिरवतात, भुवया दाट करतात, असं दादानंच सांगितलं होतं.

"पानं कशाला काढतील? झाडालाच हायेत ती."

"हायेत, पण बांधावरच्या झाडाची पानं इतक्या लांबून कुणाला दिसतात? हिरवं दिसतं नुसतं."

दादानं माझा हात धरून मला ओसरीत आणलं. गिरणीच्या छपराकडं बोट केलं. "तिथं कोण बसलंय?"

"कुणी तरी बसलंय."

"तीन कबुतरं हायेत, सुमे." त्याचा आवाज बदलला होता. "माय, हिला दिसत न्हाई."

माय चुलीपुढून उठून आली. पहिलं काय म्हणाली तर, "हळू बोल." तिचंही बरोबर होतं. पोरीच्या नावानं आधीच एक चाललेलं, त्यात चष्मा लागला म्हटल्यावर काय राहतं. पण मला तेव्हा ते काही ऐकू येत नव्हतं. सगळ्या लोकांना झाडांची पानं दिसतात, आणि मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही. काचेतल्या फोटोत मागचं धूर झालेलं मला चुकीचं का वाटलं नाही, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. माझी दुनिया रोज तशीच होती.

अण्णांनी तो फोटो दाखवायला त्यांना बोलावणं पाठवलं. एका रविवारी तिघं आले. मुलाचे वडील ओसरीत घोंगडीवर बसले. त्यांनी दादानं आणलेले दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, मोठा आणि लहान, आणि कोर्टाचे कागद तपासावेत तसे तपासले. शर्टाची घडी, टॉवेलची गाठ, हाताचा कोन. दादानं आकड्यांचं सांगायला सुरुवात केली तर म्हणाले, "ते राहू द्या, पुरावा बोलतोय." मग चष्मा काढला. "हां. बाईच हाय. मिटलं म्हणा मंग. चूकभूल द्यावी घ्यावी. तारीख धरा पुढची." आणि मुलाला म्हणाले, "तुझ्या त्या दोस्तांना सांगून टाक, सासूबाई होत्या म्हणावं." ते हसले, मुलगाही हसला. अण्णांच्या तोंडावर कित्येक दिवसांनी रंग आला.

मी चहा घेऊन गेले. मुलाच्या वडलांनी कप घेतला, बशीत ओतला, फुंकून प्याले, आणि कप खाली ठेवायला जागा बघितली. समोर लहान फोटो होता. त्यांनी कप त्यावर ठेवला. मायच्या अंगावर. ती दाराआड उभी होती, तिलाही दिसलं.

"मला न्हाई जायचं तिथं," मी म्हणाले.

बोलले ती मीच होते हे कळायला मलाही वेळ लागला. अण्णा म्हणाले, "काय म्हणली तू?" हातात चहाचं रिकामं ताट होतं. मी ते छातीशी धरलं. "मला न्हाई जायचं. पैसे परत द्या म्हणावं त्यांना."

मुलाचे वडील अण्णांकडं बघून म्हणाले, "पोरगी मधी बोलती का तुमच्यात?" आणि मग मला, "कारण काय? कारण सांग."

कारण मला सांगता आलं नाही. आज वाटतं, मी नुसतं कपाकडं बोट केलं असतं तरी चाललं असतं. पण अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग खाली. ते हळूच पुढं वाकले, कप उचलून बाजूला ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं फोटो पुसला. चहाचं गोल पुसलं गेलं नाही. "ती रोज बोलत न्हाई," अण्णा म्हणाले. "आज बोलली तर ऐकावं लागंल."

"पैशाचं लिहून दिलेलं काही न्हाई," मुलाचे वडील उठता उठता म्हणाले.

"न्हाई. पण सुपारी गावासमोर फुटली."

त्यानंतर गावात काय काय बोललं गेलं ते मी लिहीत नाही. दादानं मला गुपचूप जालन्याला नेऊन चष्मा केला. दुकानातून बाहेर पडले आणि स्टेशनच्या पुलाकडं बघितलं तर पुलावरच्या माणसांना तोंडं होती. प्रत्येकाला वेगळं. मी रस्त्याच्या कडेला बसूनच घेतलं. दादाला वाटलं मला चक्कर आली. माझं लग्न पुढं दुसरीकडं झालं, चष्म्यासकट, आणि ते बरं झालं. पैसे मात्र तुकड्यातुकड्यांनी आले. पहिले गावच्या चार जणांनी जाऊन आणले, ती मोटारसायकल विकून दिलेले. मग थोडे पोळ्याला, थोडे दिवाळीला, मग मध्ये दोन वर्षं काहीच नाही. अण्णांनी मागणं सोडून दिलं होतं.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते. दुपारी ओसरीत बाळाला पाजत बसले होते, तर रस्त्याकडून एक बाई चालत येताना दिसली. चष्म्यामुळं मला ती लांबूनच ओळखू आली. त्या मुलाची आई. एकटीच, डोक्यावर ऊन, हातात कापडी पिशवी. मायनं घोंगडी टाकली, पाणी दिलं. त्या बाईनं पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढून मायच्या पुढं ठेवली. "शेवटचे हायेत. ह्यांचं आता जमत न्हाई, हातपाय गेलेत. पोरगं वेगळं राहतं. हे माझ्या म्हशीच्या दुधाचे हायेत. मोजून घ्या."

"आधी जेवा," माय म्हणाली.

घरात भाजी नव्हती. येसर होतं, भाकर होती, कांदा फोडला. दोघी समोरासमोर बसून जेवल्या, एकमेकींना वाढत. जेवण झाल्यावर त्या बाईची नजर भिंतीवर गेली. तिथं तो लहान फोटो लावलेला होता, चहाच्या डागासकट. ती उठून जवळ गेली.

"मी त्या दिवशी रस्त्यातच ओळखलं होतं," ती म्हणाली. "काचेतल्या त्या मोठ्या फोटोत. सूप दिसत न्हवतं, तोंड दिसत न्हवतं, पण मनगट दिसत होतं. उपणताना बाईचं मनगट असं खाली वाकतं." तिनं हात लांब करून दाखवला. "मी बी शेतकऱ्याचीच पोर हाय. मी ह्यांना म्हणलं हळूच, अहो, ही बाई हाय, उपणून राह्यली. तर म्हणले, तुला कोर्टातलं काय कळतं."

मी बाळाला एकदम घट्ट धरलं. बाळ दूध सोडून माझ्याकडं बघायला लागलं. ते सगळे महिने, अण्णांचा तो हात, पाणवठ्यावरचे ते प्रश्न, आणि या बाईला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. मला वाटलं माय आता काही तरी बोलेल. मायनं ताटं एकात एक घातली.

"मी बी तिथंच उभी होते की," ती म्हणाली. "मी तरी कुठं बोलले, की ही मी हाय म्हणून."

मग मायनं कुंकवाचा करंडा आणला आणि तिला कुंकू लावलं, तिनं मायला लावलं. अण्णा शेतातून आले, त्यांना पाव्हणी कोण ते सांगावं लागलं नाही. पाय धुऊन ते ओसरीत बसले, रुमाल सोडला आणि पैसे दोनदा मोजले.

"पुरे हायेत," अण्णा म्हणाले. "फिटले सगळे. आता तुमच्याकडं काही न्हाई."

तिनं रिकामा रुमाल घडी करून पिशवीत ठेवला आणि अंबडची शेवटची गाडी कितीला येते ते विचारलं.